परक्या देशाच्या तिजोरीत मदतीला जाताना

माझी सगळी नोकरी महाराष्ट्राच्या वित्त व लेखा सेवेत झाली, त्यातली बरीचशी कोषागारात. निवृत्तीनंतर काही छोट्या देशांच्या अर्थखात्यांत तांत्रिक साहाय्याच्या कामासाठी जाणं झालं. आता कर्वेनगरच्या घरी मुलंमुली भेटायला येतात. कुणी गोखले इन्स्टिट्यूटमधून अर्थशास्त्र केलेलं असतं, कुणी हिंजवडीत सरकारी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहीत असतं, कुणी बँकेच्या ट्रेझरीत असतं. सगळ्यांचा प्रश्न एकच: "मॅडम, हे काम नेमकं करतात कसं?" दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून आता लिहूनच काढते.

कामाचं स्वरूप असं. एखाद्या देशाचं अर्थखातं किंवा मध्यवर्ती बँक मदतीची मागणी करते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक किंवा एखादा मित्रदेश माणसं पाठवतो. ती माणसं कधी दोन आठवडे, कधी दोन वर्षं तिथल्या अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून एखादी व्यवस्था लावून देतात. हे कर्ज नसतं. नाणेनिधी हे काम 1960 च्या दशकापासून नेटाने करतो आहे. नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी आणि आशियाई देशांकडे तेव्हा स्वतःची मध्यवर्ती बँक चालवलेली माणसंच नव्हती. त्याआधी 1920 च्या दशकात एडविन केमरर हे अमेरिकन प्राध्यापक कोलंबिया, चिली, इक्वेडोर, बोलिव्हिया असे देश फिरून मध्यवर्ती बँकांचे कायदे लिहून देत होते. कोलंबियाची बँक 1923 ची, ती त्यांच्याच सल्ल्याने उभी राहिली. भारतानेही 1964 मध्ये 'आयटेक' नावाने स्वतःचा सहकार्य कार्यक्रम सुरू केला. म्हणजे मदत घेता घेता आपण ती देतही आलो आहोत.

मागणीचं पत्र नीट वाचा

पत्रावर सही कुणाची आहे ते पाहा. अर्थसचिवांची असेल तर मध्यवर्ती बँकेला या कामाची खबर आहे का? गव्हर्नरांची असेल तर अर्थखात्याला हे हवं आहे का? मागणी आतून आली आहे की कर्जाच्या अटींत 'अमुक तारखेपर्यंत अमुक सुधारणा' असं लिहिलं आहे म्हणून आली आहे? दोन्ही ठिकाणी काम होतं, पण रीत वेगळी. अटीपोटी बोलावलेल्या माणसाला लोक कागद देतात, माहिती देत नाहीत. तिथे पहिले काही दिवस विश्वास कमावण्यात जाणार हे धरूनच वेळापत्रक आखा.

कार्यकक्षेत, म्हणजे काम ठरवून देणाऱ्या कागदात, 'रोख व्यवस्थापन सुधारणे' असं ढोबळ वाक्य असेल तर निघण्यापूर्वीच विचारून घ्या की तिथल्या लोकांना नेमका त्रास काय होतो आहे. पगार उशिरा होतात? ठेकेदारांची बिलं महिनोन्महिने पडून राहतात? ट्रेझरी बिलांचा, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचा, लिलाव फसतो? दुखणं कळलं की निम्मा रस्ता सापडतो.

पुण्यात बसून करायचा अभ्यास

माझा वाचनाचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी त्या देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल. अंदाजपत्रकाचं भाषण सगळ्यात शेवटी. लेखापरीक्षक काय सापडलं ते लिहितो, अर्थमंत्री काय व्हावं ते सांगतात, आणि तुम्हाला आधी पहिलं हवं असतं. मधल्या वाचनात सार्वजनिक वित्ताचा कायदा, मध्यवर्ती बँकेचा कायदा, नाणेनिधीचा वार्षिक सल्लामसलतीचा अहवाल आणि 'पेफा', म्हणजे देशाचा सरकारी पैशाचा कारभार कसा चालतो याचं ठरावीक निकषांवर केलेलं मूल्यांकन, असेल तर ते. पेफाच्या 2016 च्या आराखड्यात 31 निर्देशक आहेत आणि प्रत्येकाला 'ए' ते 'डी' श्रेणी मिळते. एकूण चित्र बघायला ते उत्तम. पण 'डी' का मिळाला हे खालच्या परिच्छेदात असतं. नुसत्या श्रेण्या वाचून कुठेही जाऊ नका.

मध्यवर्ती बँकेच्या कायद्यात एक कलम हमखास शोधा: सरकारला बँक उसने पैसे किती, किती दिवसांसाठी आणि कोणत्या व्याजाने देऊ शकते? सगळी गोम तिथे असते. आपलंच घ्या. केंद्र सरकारची शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप 'अ‍ॅड हॉक' ट्रेझरी बिलं घेऊन ती भरून काढायची. ही सोय तात्पुरती म्हणून आली आणि दशकानुदशकं मुक्कामाला राहिली. तूट भरायला नोटा छापल्यासारखंच ते होतं. सप्टेंबर 1994 मध्ये, डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि डॉ. चक्रवर्ती रंगराजन गव्हर्नर असताना, सरकार आणि बँकेत करार झाला. तीन वर्षांत मर्यादा घट्ट करत न्यायची असं ठरलं. 1 एप्रिल 1997 पासून अ‍ॅड हॉक बिलं बंद झाली आणि त्यांच्या जागी मर्यादा असलेली अर्थोपाय अग्रिमं, म्हणजे बँकेने सरकारला दिलेली अल्पकाळाची उसनवारी, आली. पुढे वित्तीय उत्तरदायित्वाच्या 2003 च्या कायद्यामुळे 1 एप्रिल 2006 पासून, अपवादाच्या प्रसंगांखेरीज, रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून घेणंही थांबलं.

हा इतिहास मी प्रत्येकाला तारखांसकट पाठ करायला लावते, कारण परदेशात बसल्यावर तो कामाला येतो. 1994 ते 2006 म्हणजे बारा वर्षं. आपल्यासारख्या देशाला एक वाईट सवय सोडायला एवढा काळ लागला, तर दोन आठवड्यांच्या भेटीत एखाद्या छोट्या देशाने ती उद्यापासून सोडावी असं अहवालात लिहिताना हात थबकला पाहिजे.

श्रीलंकेचं उदाहरण शेजारचं आहे. तिथली मध्यवर्ती बँक हेच मुळात तांत्रिक साहाय्याचं अपत्य. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हमधून आलेल्या जॉन एक्स्टर यांनी आराखडा दिला, 1949 चा कायदा झाला, 1950 मध्ये बँक सुरू झाली आणि एक्स्टर स्वतःच पहिले गव्हर्नर झाले. त्या कायद्यात सरकारला अंदाजित महसुलाच्या दहा टक्क्यांपर्यंत उचल देण्याची सोय होती, सहा महिन्यांत परत करायच्या बोलीवर. प्रत्यक्षात जुनी उचल नव्या उचलीतून फिटत राहिली. एप्रिल 2022 मध्ये देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली आणि त्याच सप्टेंबरमध्ये कोलंबोतली महागाई सत्तर टक्क्यांच्या घरात गेली. याला कारणं बरीच होती: करकपात, पर्यटन बसणं, परकीय चलन आटणं. पण सरकारला नोटा छापून पुरवण्याचा वाटा मोठा होता. 2023 च्या नव्या कायद्याने, संक्रमणकाळाच्या तरतुदी सोडता, सरकारला थेट उसनवारी बंद केली. कायद्यातलं एक कलम माणसांच्या ताटापर्यंत कसं पोचतं ते इथे दिसतं. म्हणून या कामाकडे मी कागदी काम म्हणून बघूच शकत नाही.

अभ्यासासाठी आपल्या शहरात सोयी भरपूर आहेत. गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आहे, कोंढव्यात राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आहे, विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय आहे. आणि नामदार गोखल्यांची भाषणं जरूर वाचा. 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चावर साक्ष दिली, आणि 1902 च्या मार्चमध्ये अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार शिलकीचं कौतुक करत होतं. गोखल्यांनी दाखवलं की शिलकीचं मूळ विनिमय दरात आहे: 1894-95 मध्ये साधारण तेरा पेन्सचा रुपया सोळा पेन्सवर गेल्यामुळे इंग्लंडात भरायच्या रकमांना कमी रुपये लागत होते, कर मात्र पूर्वीइतकेच जबर होते. चलन आणि अंदाजपत्रक एकत्र वाचायचं असतं, हे शिकायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

पोचल्यावर: एका बिलाच्या मागे चाला

पहिल्या दिवशी सादरीकरणं होतील. ऐका, चहा घ्या, आभार माना. दुसऱ्या दिवशी विनंती करा की मला एक देयक दाखवा, मागच्या महिन्यात चुकतं झालेलं, कुठलंही. जिल्ह्याच्या रुग्णालयाची औषधखरेदी असली तर फारच छान. मग ते बिल जिथे जन्माला आलं तिथून पुरवठादाराच्या खात्यात पैसे पडेपर्यंत त्याच्या मागे चालत जा. मागणी कुणी नोंदवली, तरतूद आहे का हे कुणी तपासलं, सही किती जणांची, टोकन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, कुठे पडलं, पैसे कुठल्या बँक खात्यातून गेले, नोंद किती वह्यांत झाली. प्रत्येक टप्प्यावर तारीख लिहा.

एका बेटांच्या देशात मी असंच चालत गेले. कागदावरच्या प्रक्रियेत पाच टप्पे होते. प्रत्यक्षात एका खोलीत एक ज्येष्ठ कारकून बाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या खणात शाळेची वही होती, रेघा पेन्सिलीने मारलेल्या. डाव्या पानावर मंजूर झालेली बिलं, उजव्या पानावर आज खात्यात खरंच किती पैसे आहेत ते. संगणकावर बिल 'मंजूर' दिसत होतं, पण पैसे कधी सोडायचे ते त्या वहीवर ठरत होतं. बाई दररोज सकाळी मध्यवर्ती बँकेत फोन करून शिल्लक विचारत, ती उजव्या पानावर लिहीत आणि मग निवड करत: आधी पगार, मग रुग्णालय, मग वीज, ठेकेदार शेवटी. देशाचं रोख व्यवस्थापन तिथे चाललं होतं आणि एकाही अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि दुपारपर्यंत तिथेच बसले. पुढे जो तक्ता आम्ही बसवला त्याचे रकाने त्या वहीवरूनच घेतले, आणि तो भरायचं काम त्यांच्याकडेच राहील असा आग्रह धरला.

ही अशी वही प्रत्येक देशात कुठेतरी असतेच. ती सापडेपर्यंत शिफारस लिहू नका.

खाती मोजा, मग ताळमेळ

सरकारच्या नावाने एकूण किती बँक खाती आहेत, हा प्रश्न अर्थखात्याला विचारा आणि मध्यवर्ती बँकेलाही. व्यापारी बँकांकडूनही यादी मागवा. तिन्ही उत्तरं वेगळी येतील. प्रकल्पांची खाती, देणगीदारांची खाती, मंडळांची आणि महामंडळांची खाती, बंद पडलेल्या योजनांची खाती. पैसा इकडे पडून असतो आणि सरकार तिकडे व्याजाने उचलत असतं.

हिशोब मांडून दाखवा, म्हणजे मंत्र्यांनाही पटतो. समजा विखुरलेल्या खात्यांत 40 कोटी बिनव्याजी पडले आहेत आणि त्याच आठवड्यात सरकारने 91 दिवसांची 30 कोटींची ट्रेझरी बिलं 9 टक्क्यांनी विकली. तीन महिन्यांचं व्याज सुमारे 67 लाख. हे पैसे वाचवता आले असते. त्यासाठी सगळी खाती एका छत्राखाली आणून रोज संध्याकाळी शिल्लक मध्यवर्ती बँकेतल्या एका मुख्य खात्यात जमा व्हायला हवी. यालाच एकल कोषागार खातं म्हणतात. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्येक खात्यामागे एक अधिकारी असतो आणि त्याला भीती असते की पैसे वर गेले की परत मिळायचे नाहीत. ती भीती अनुभवातून आलेली असते. म्हणून आधी खाती बंद करायला लावू नका. आधी फक्त शिल्लक दिसू द्या, मग शिल्लक वळवा, आणि ज्याचे पैसे त्याला मागितल्या दिवशी मिळतात हे काही महिने सिद्ध करून दाखवा. मग बंद करा.

ताळमेळाचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. एक महिना निवडा. मध्यवर्ती बँकेचं विवरण एका बाजूला, अर्थखात्याची रोकडवही दुसऱ्या बाजूला, आणि ओळीला ओळ लावत जा. आपल्याकडे खर्चमेळासाठी, म्हणजे खात्याचा खर्च महालेखापालांच्या नोंदींशी जुळवायला, त्यांच्या कार्यालयात चकरा मारलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. न जुळणाऱ्या नोंदींचे ढीग करा: बँकेत गेले पण वहीत नाहीत, वहीत आहेत पण बँकेत नाहीत, रक्कम बरोबर पण लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या मथळ्याखाली मांडतात तो, चुकलेलं. तिसरा ढीग मोठा निघाला तर गडबड वर्गीकरणात आहे, आणि मग कितीही भारी सॉफ्टवेअर आणलं तरी गडबडच वेगाने होईल. आपल्या केंद्राच्या लेखाशीर्षाचा संकेतांक सहा पातळ्यांचा, पंधरा अंकी आहे. छोट्या देशाला एवढा पसारा लागत नाही, पण कुठला खर्च, कुणाचा, कशासाठी आणि कुठल्या पैशातून, एवढं तर एका ओळीत कळलंच पाहिजे. हिंजवडीच्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे: लेखाशीर्षांची रचना पक्की होईपर्यंत निविदा काढू देऊ नका, तुमचं कंत्राट लांबलं तरी चालेल.

बँक आणि अर्थखातं एका टेबलाशी

सरकारने पगार केले की बँकांकडे पैसा येतो, लोकांनी कर भरले की तो सरकारच्या खात्यात जातो आणि बाजारात चणचण भासते. आपल्याकडे 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या आगाऊ कराच्या तारखांना, आणि दर महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीपायी, ट्रेझरीत बसणारे सगळे सावध असतात. छोट्या देशात एका मोठ्या बिलाने आठवड्याचे व्याजदर हलतात. तरी कित्येक ठिकाणी अर्थखातं मध्यवर्ती बँकेला आधी काहीच कळवत नाही.

उपाय साधा आहे. पुढच्या तेरा आठवड्यांचा तक्ता: किती येणार, किती जाणार, शेवटी किती उरणार. दर सोमवारी दोन्हीकडचे मधल्या फळीचे अधिकारी भेटतात, मागच्या आठवड्याचा अंदाज किती चुकला ते आधी बघतात, मग पुढचा भरतात. सचिव आणि गव्हर्नर नकोत, ते असले की खालचा माणूस खरा आकडा बोलत नाही. पहिले अंदाज साफ चुकतील. चुकू द्या, फक्त का चुकला ते शेजारच्या रकान्यात लिहिण्याची सवय लावा. करखात्याचा प्रतिनिधी आणि कर्जफेडीचं वेळापत्रक सांभाळणारा माणूस या बैठकीत हवाच.

अहवाल

शिफारशी मोजक्या लिहा. प्रत्येक शिफारशीपुढे कुणी करायचं, त्याला कायद्याचा आधार आहे की कायदा बदलावा लागेल, आणि आधी काय झालेलं असलं पाहिजे, एवढं असू द्या. क्रम फार महत्त्वाचा. न्यूझीलंडने 1989 मध्ये सार्वजनिक वित्ताचा नवा कायदा करून उपार्जित पद्धतीचे, म्हणजे पैसे हाती येण्या-जाण्याची वाट न पाहता येणी-देणी धरणारे, हिशोब आणले, त्याच वर्षीच्या रिझर्व्ह बँक कायद्याने महागाईचं लक्ष्यही आणलं. जगभरचे सल्लागार तेव्हापासून ते नमुने घेऊन फिरतात. भारताने महागाईचं चार टक्क्यांचं लक्ष्य कायद्याने स्वीकारलं ते 2016 मध्ये, आणि आपले सरकारी हिशोब अजून रोख पद्धतीचेच आहेत. ज्यांचा बँकेशी ताळमेळ लागत नाही त्यांना उपार्जित हिशोब शिकवायला जाणं हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मसुदा आधी त्यांना वाचू द्या, त्यांच्या भाषेत एक पानाचा गोषवारा द्या. आकडे त्या देशाचे आहेत, त्यामुळे अहवाल प्रसिद्ध करायचा की नाही यात त्यांची संमती लागते. परकीय चलनाची गंगाजळी, लिलाव, व्याजदर यांतलं काहीही विमानतळावरसुद्धा बोलू नका. फाइली स्वतःच्या लॅपटॉपवर आणू नका.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात हात आखडता घ्या. तक्ता त्यांनी भरायचा, बैठक त्यांनी चालवायची, तुम्ही मागच्या खुर्चीत. कुठे अडतं ते तेव्हाच दिसतं आणि दुरुस्त करायला चार दिवस हातात असतात. सहा महिन्यांनी पुन्हा यायची तारीख तेव्हाच ठरवून घ्या.

या कामात शिरायचं कसं

थेट कुणी घेत नाही, आधी दहा-पंधरा वर्षांचं हातचं काम लागतं: कोषागार, करखातं, लेखापरीक्षण, रिझर्व्ह बँक, बँकेची ट्रेझरी, सांख्यिकी. नवी दिल्लीत 2017 पासून नाणेनिधीचं दक्षिण आशियासाठीचं केंद्र आहे, 'सारटॅक' म्हणतात त्याला. बांगलादेश, भूतान, भारत, मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका हे त्याचे सदस्य देश, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी तिथे सतत प्रशिक्षणं चालतात. सरकारी नोकरीत असाल तर खात्यामार्फत नाव पाठवा. नसाल तर नाणेनिधीचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. सार्वजनिक वित्त व्यवस्थापनाचा आधी करा. अल्पमुदतीच्या तज्ज्ञांच्या यादीसाठी अर्ज करताना पदांची जंत्री देऊ नका. कुठल्या कार्यालयात किती खात्यांचा ताळमेळ लावला, थकीत बिलं किती महिन्यांची होती आणि किती दिवसांवर आणली, कुठला नियम तुमच्या टिपणीवरून बदलला, हे लिहा. आणि संदर्भासाठी नावं देताना त्यात एक नाव हाताखाली काम केलेल्या सहकाऱ्याचं असू द्या.